मालूताईंची चमक-शाई

त्या वर्षी श्रावणात आमच्या घरच्या भाकरी चमकायला लागल्या.

मामंजींनी तुकडा मोडला, उजेडाकडं धरला, उलटासुलटा केला आणि सासूबाईंना विचारलं, "काय वं, पिठात काय घातलं आज?"

"मी काय घालू? ज्वारी आहे घरची."

"मग ज्वारीला जरीकाठ लावून आणला का शेतातून?"

सासूबाईंनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, त्यावरचे बारीक बारीक रुपेरी ठिपके पाहिले आणि हाक मारली, "मालू! माझ्या परातीत काय केलंस गं?"

चुलीपाशी बसलेल्या मालूताईंनी मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "काही नाही, बाई. काल दुपारी जरा अभ्रक निथळलं. घासली होती मी परात. चांगली दोनदा घासली."

मामंजींनी तो तुकडा वरणात बुडवला आणि खाल्ला. "वैद्य पैसे घेऊन खायला घालतात अभ्रक," ते म्हणाले. "आपल्या घरी फुकट."

मालूताई या माझ्या मोठ्या नणंद; आईला त्या ‘बाई’ म्हणत. भाईदासांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बुऱ्हाणपूरच्या चौकात वह्या, कागद, दौती, टाक आणि शाईचं दुकान होतं. दुकान पुढं, घर मागं, मध्ये एक दार. त्या दाराला कापडाचा पडदा. मालूताईंचं लहानपण त्या पडद्याच्या अलीकडं गेलं. कागदाचे ताव कापणं, वहीच्या कण्याला लाल कापड चिकटवणं, पुडीच्या शाईचं पाणी करून बाटल्या भरणं, हे सगळं त्या करायच्या. पडद्यापलीकडं मात्र त्यांनी पाय ठेवायचा नाही. बाटली दारातून आत-बाहेर व्हायची, तेवढंच.

शाहपूरला त्यांना दिलं. केळीच्या मळ्याचं घर, माणसं चांगली. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला. मूल नव्हतं. जाऊबाई सदा आजारी, त्यामुळं पाहुणे, गडी, दिराची-जावेची पोरं, सगळ्यांची चूल मालूताईंच्या अंगावर आली. कोणी त्यांना वाईट बोलत नव्हतं. खरं म्हणजे कोणी त्यांच्याशी बोलतच नव्हतं. "मालू, भाकरी" एवढंच. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तशा त्या आल्या, आणि सण उलटला तरी परत गेल्या नाहीत. त्यांचे जेठ, म्हणजे थोरले दीर, चुडामणभाऊ यांनी निरोप धाडला: दिवाळीत केळीच्या गाड्या घेऊन बुऱ्हाणपूरला येतो, तेव्हा मालूला घेऊन जाईन.

निरोप ऐकून मालूताई थेट वडिलांसमोर उभ्या राहिल्या. "बाबा, मला शाहपूरला नाही जायचं. मला दुकानात बसवा. शाईच्या फळीपुढं."

बाप म्हणून मामंजींचा जीव लेकीत होता, पण चौकातले दुकानदार म्हणून ते घाबरत. "चौकात गादीवर बाई बसलेली कोणी पाहिली नाही, मालू. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक शाई घ्यायला येतं ना? मग शाई चांगली पाहिजे."

"आता कारखान्याची शाई येते. सुंदर लेबल, काचेची बाटली. तुझ्यामाझ्या पुडीच्या पाण्याला कोण विचारतो?"

हे मात्र खरं होतं. आणि तिथूनच मालूताईंच्या डोक्यात ते शिरलं. कारखान्याकडं नाही अशी शाई पाहिजे. चमकणारी.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला चमक म्हटली की जर आठवते. आमच्या मागच्याच गल्लीत तार ओढणारे, रेशमावर तार गुंडाळून कलाबतू करणारे राहायचे. त्यांच्या उंबऱ्यातल्या धुळीतसुद्धा सोनं असतं असं गावात सगळे म्हणतात. मालूताईंनी तिथून जरीचा भुगा आणला, वस्त्रगाळ केला, डिंकाच्या पाण्यात घोटला आणि निळ्या शाईत टाकला. टाकानं पहिलं अक्षर काढलं तेव्हा आम्ही दोघी कितीतरी वेळ कागद हलवत बसलो. निळ्या अक्षराच्या काठाला सोनेरी रेघ! शेजारच्या सुमनचा साखरपुडा होता. मुलीच्या आईनं पाहिलं आणि हट्टच धरला, की पत्रिकेवर नावं याच शाईनं लिहून द्या. मालूताईंनी एकेक नाव जीव लावून लिहिलं.

आठवड्याभरात सुमनची आई पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात. "मालू, जावयाचं नाव हिरवं झालं गं!"

खरंच झालं होतं. शेवाळलेलं, कडेनं फुटलेलं हिरवं. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. मी इंटरपर्यंत रसायनशास्त्र शिकले होते. मी म्हटलं, "ताई, ही जर खोटी आहे. आत तांबं. आपली शाई आंबट. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की काय होतं?"

"कळकतं," मालूताई म्हणाल्या. मग स्वतःशीच हसल्या. "म्हणजे मी जावयाचं नाव कळकवलं."

दुसरी बाई असती तर तिथंच सोडून दिलं असतं. मालूताईंनी सगळ्या पत्रिका पुन्हा साध्या शाईनं लिहून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "वहिनी, न कळकणारं चमकदार काय असतं?"

अभ्रक. गुलालात असतं, वैद्याच्या बरणीत असतं. पण ते पापुद्र्यापापुद्र्यांचं. कुटलं तरी पापुद्रेच राहतात. पाट्यावर वाटलं तर वरवंट्याखालून निसटतं. वैद्यबुवांच्या घरी मालूताईंनी पाहिलं होतं, की अभ्रक आणि भाताची साळ एकत्र घोंगडीच्या तुकड्यात बांधायची आणि पाण्यात बुडवून ते गाठोडं चोळायचं. साळीच्या टोकांनी अभ्रक खरडलं जातं आणि घोंगडीतून दुधासारखं चमकतं पाणी बाहेर येतं. आमची परात त्याच कामी आली होती. म्हणून ती भाकर.

या अभ्रकाची शाई टाकानं लिहिली की काय सुरेख उतरायची! टाक बुडवला, लिहिलं, पुन्हा बुडवला. अक्षर वाळलं की आत चांदण्यासारखं काहीतरी हलायचं. मामंजींनी एक कागद लिहून दुकानात लावलासुद्धा. पण लोकांच्या खिशाला आता टाक नव्हता. खिशाला होतं फाउंटन पेन. आणि पेन म्हटलं की मालूताईंची शाई हरायची. निबामागं जी काळी जिभली असते, तिच्यात केसाएवढी खाच. त्या खाचेतून शाई उतरते. तिथं अभ्रक जाऊन बसायचं आणि पेनचा घसा बंद.

पहिला बळी आमच्या घरातलाच. माझे यजमान सुरेश शाळेत मास्तर. लग्नात मिळालेलं त्यांचं पेन मालूताईंनी भरून दिलं. दुपारी ते तणतणत घरी आले. "ताई, माझं पेन तुझ्या दवाखान्यात मेलं. हजेरी घ्यायला गेलो, तर निम्म्या वर्गाची लागली आणि निम्मा वर्ग गैरहजर."

"पोरं खूष झाली असतील," मालूताई म्हणाल्या आणि पेन घेऊन न्हाणीत गेल्या. त्या दिवशी त्यांनी ते पूर्ण खोललं, जिभली काढली, कोमट पाण्यात टाकली. ती खाच पुन्हा पुन्हा उजेडाकडं धरून पाहत होत्या. म्हणाल्या, "एवढुशी वाट आहे. आणि मी तिच्यातून वरात काढतेय."

उत्तर कुरडयांनी दिलं. चीक तयार करताना आपण गहू भिजवून वाटतो, गाळतो, निथळत ठेवतो. वरचं पाणी ओतून देतो आणि तळचा चीक ठेवतो. मालूताईंनी सगळं उलटं केलं. अभ्रकाचं पाणी ढवळायचं, जड कण लगेच तळाला जातात, ते टाकून द्यायचे. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात. पुन्हा थांबायचं, पुन्हा तळ टाकायचा. असं करत करत शेवटच्या भांड्यात जे उरतं ते इतकं बारीक, की चिमटीत घेतलं तर हाताला काही लागत नाही, नुसतं बोट चमकतं. डिंक त्यांनी जवळजवळ बंदच केला, कारण डिंकच कण एकमेकांना चिकटवत होता. त्याऐवजी थंडीत टाचांना लावायचं ग्लिसरीन, अगदी थेंबभर. त्यानं शाई निसरडी झाली.

गणपती उठले तेव्हा यांचं पेन एक पान लिहायला लागलं होतं. भाद्रपदाच्या पुनवेला भुलाबाईची गाणी सुरू झाली तेव्हा तीन पानं.

त्याच सुमारास लीलाधर सेठ दुकानात आले. साड्यांचे मोठे व्यापारी, बोलण्यात निम्मी हिंदी, खिशाला विलायती पेन. भिंतीवरचा चमकता कागद पाहून म्हणाले, "भाईदास, ये क्या लगा रखा है? शाई आहे का आतषबाजी?"

"लेकीनं केली."

"फर्स्ट क्लास. पण टाकाची असणार."

"आता पेनाची पण आहे," पडद्याआडून आवाज आला. मामंजी दचकले. सेठ पडद्याकडं वळून हसले.

"ऐसा? मग ऐका, बाई. यंदा दिवाळीत नवं राज्य होतंय. राजधानी नागपूरची भोपाळला चालली. नवं राज्य, नवी वही. वहीपूजनाला पहिल्या पानावर मी श्री काढीन तुमच्या शाईनं, माझ्या पेनानं. पण मध्ये अडली तर?"

यावर मामंजींचा चेहरा उतरला. वहीपूजनाला पहिल्या पानावर श्रींचा डोंगर काढतात. वर एक श्री, खाली दोन, मग तीन, असं रुंदावत जायचं. सेठ मानायचे, की ज्या लेखणीनं सुरू केला तिनंच तो संपला पाहिजे. अर्धा राहिला तर वर्ष अर्धं. सेठांसारखं गिऱ्हाईक त्या एका अर्ध्या डोंगरावरून कायमचं गेलं असतं, आणि त्यांच्यामागं अर्धा कापडबाजार.

सेठ गेल्यावर मामंजींनी पडदा बाजूला केला. "बोललीस तर खरी. आता माझंही ऐक. सेठच्या वहीत डोंगर पुरा झाला, तर पाडव्यापासून शाईच्या फळीपुढं तू बस. चौक काय म्हणायचं ते म्हणो. अर्धा राहिला, तर चुडामणबरोबर मुकाट्यानं शाहपूरला जायचं."

"जाईन," मालूताई म्हणाल्या.

दिवाळी आली. चौकात चर्चा एकच, नवा मध्य प्रदेश. कोणाला नागपूर गेल्याचं दुःख, कोणाला भोपाळ लांब पडल्याची काळजी. मामंजी तेवढे खुशीत. सगळ्या कचेऱ्यांचे शिक्के, कागदांवरचे पत्ते बदलणार, म्हणजे कागद खपणार. चुडामणभाऊ शाहपुराहून आले, केळीचा मोठा घड घेऊन आले. माणूस मोकळा. ओसरीवर बसून म्हणाले, "मालू, गाठोडं बांधून ठेव हं. भाऊबीज झाली की निघू. पोरं तुझ्या हातच्या भाजीची वाट पाहतात."

"गाठोड्याचं लक्ष्मीपूजनानंतर बघू, भाऊ," मालूताई म्हणाल्या.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दुकान धुऊन, झेंडूची तोरणं लावून सजवलं होतं. पणत्या, समया. मामंजींची प्रथा होती, की मोठ्या गिऱ्हाइकांच्या वह्यांची पूजा आमच्याच दुकानात, आमच्या वह्यांबरोबर व्हायची. लाल कापडाच्या वह्यांची रास, समोर दौत, बोरू, टाक आणि मधोमध लीलाधर सेठांचं विलायती पेन. ते मालूताईंनी दुपारीच स्वतः भरून, दोन ओळी लिहून पाहून, टोपण लावून ठेवलं होतं. पुरुष दुकानात, आम्ही बायका दारात. मालूताईंनी माझा हात धरून ठेवला होता.

आरती झाली. सेठांनी पेन उचललं, वही उघडली, मांडीवर नीट ठेवली आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर निब टेकवलं.

काही नाही.

पुन्हा टेकवलं. कागदावर ओरखडा उठला. सेठांनी पेन झटकलं.

"भाईदास, तुमची आतषबाजी भिजली वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. चुडामणभाऊंनी दाराकडं पाहिलं. त्यांना वाईटच वाटलं असावं. मामंजी गादीवर हलले नाहीत. सासूबाई पुटपुटल्या, "आई लक्ष्मी, काय हे."

सेठांनी तिसऱ्यांदा पेन टेकवलं आणि यावेळी निबाच्या टोकाशी एक लहानसा ठिपका उठला.

मालूताईंनी माझा हात सोडला. पडदा बाजूला सारला आणि त्या दुकानात गेल्या. सरळ, चपला-जोड्यांच्या राशीला वळसा घालून, सगळ्या पुरुषांमधून, सेठांच्या समोर.

"सेठ, पेन इकडं द्या."

"बाई, आता अपशकुन..."

"शाई निळी भरलीय मी. ठिपका लाल आहे. पेन द्या."

सेठांनी खाली पाहिलं. ठिपका लालच होता. त्यांनी पेन दिलं. मालूताईंनी ते समईजवळ नेलं, निब उलटं केलं आणि वळून दाराकडं पाहिलं. "बाई, तू पेनला कुंकू कुठं लावलंस?"

सासूबाई गांगरल्या. "जिथं लावतात तिथं. टोकाला. बोरूला लावते, टाकाला लावते, तसं. टोपण काढून लावलं मी. झाकलेल्या लेखणीला कसं लावायचं?"

आता सगळ्यांच्या लक्षात आलं. वर्षानुवर्षं त्या हळद-कुंकवाचं ओलं बोट बोरूच्या टोकाला लावत आल्या होत्या. बोरू दौतीत बुडवला की दोन अक्षरांत कुंकू उतरून जातं. फाउंटन पेनच्या चिरेत मात्र ते जाऊन बसलं, वाळलं आणि बूच झालं. आमच्या दुकानात उघड्या फाउंटन पेनची पूजा त्या दिवशी पहिल्यांदा झाली होती.

मालूताईंनी पूजेतला तांब्या ओढला आणि निब त्यात बुडवलं.

"अगं, पुजलेलं पेन धुतेस काय!" सासूबाई ओरडल्या.

"पूजा झाली ना, बाई? आता देवीला ते लिहिताना दिसू दे."

पाण्यात लालसर धागा सुटला. त्यांनी निब पदरानं टिपलं, पेन दोन्ही तळहातांत धरून ताकातली रवी फिरवावी तसं घोळवलं, आणि सेठांच्या हातात दिलं. "काढा आता."

सेठांनी काढली. पहिली श्री गुळगुळीत, ओली, निळी. खाली दोन. खाली तीन. चौथ्या ओळीत सेठ थांबले. "शाई उतरतेय, बाई. पण चमक कमी झाली."

"खाली बसली असेल. अभ्रक आहे ते, आळशी आहे. घोळवा पेन, मी घोळवलं तसं."

मोठे व्यापारी लीलाधर सेठ सगळ्यांदेखत तळहातात पेन घोळवू लागले. "भाईदास, तुमच्या मुलीनं मला ताक घुसळायला बसवलं," ते म्हणाले. या वेळचा हशा वेगळा होता. मग ते पुन्हा लिहायला लागले आणि थांबले नाहीत. डोंगर खाली उतरत गेला, रुंद होत गेला, पानाच्या दोन्ही कडांना टेकला. शेवटची श्री काढून त्यांनी वही उचलली आणि समईसमोर तिरकी धरली.

वरच्या ओळी वाळल्या होत्या. पणत्यांच्या उजेडात आख्खा डोंगर लखलखला. वही हलली की चमक वरून खाली धावायची, पुन्हा वर जायची. मागची माणसं गुडघ्यांवर उठून पुढं झुकली. मघा हसणारा माणूस म्हणाला, "ए भाई, माझ्या वहीत पण काढा ना."

"तुझ्या पेनला कुंकू लावून आण आधी," सेठ म्हणाले.

मग जी झुंबड उडाली! मालूताई तिथंच खाली बसल्या, वह्यांच्या राशीजवळ, आणि एकेकाचं पेन घेऊन तपासायला लागल्या. "हे आधी कोमट पाण्यानं धुवा, यात जुनी शाई वाळलीय. हे भरते. हे नाही चालणार, याची जिभली चिरलीय, यासाठी टाक घ्या." पडद्याआड परत जायची त्यांना आठवणच राहिली नाही, आणि कोणी आठवण करूनही दिली नाही.

चुडामणभाऊ ओसरीवर येऊन माझ्या यजमानांना म्हणाले, "सुरेश, ही काही येत नाही आता."

"नाही येत."

"मग माझ्या घरी स्वयंपाक कोण करणार?"

आतून मालूताईंचा आवाज आला. "बाई ठेवा, भाऊ. मी पोरांना शाई पाठवीन."

चुडामणभाऊ मोठ्यानं हसले. पेन त्यांच्याकडं नव्हतं, पण जाताना ते एक बाटली घेऊनच गेले.

पाडव्याच्या सकाळी मामंजींनी दुकान उघडलं. शाईच्या फळीपुढची गादी त्यांनी स्वतः झटकली, तिच्यावर नवी चादर अंथरली आणि आपण वह्यांच्या बाजूला जाऊन बसले. मालूताई बाहेर आल्या. नऊवारीचा पदर नीट केला आणि बसल्या. चौकातून जाणारी काही माणसं थबकली. एक-दोघं कुजबुजली. पहिलं गिऱ्हाईक आलं, बुऱ्हाणपूरच्याच लालबागकडचे कोणी मुनीमजी. त्यांनी मालूताईंकडं पाहिलं, मग मामंजींकडं वळून म्हणाले, "भाईदासजी, ती काल सेठजींनी वापरली ती शाई दाखवा."

मामंजींनी वहीच्या कण्याला खळ लावता लावता मानही वर केली नाही.

"मला शाईतलं काय कळतं?" ते म्हणाले. "तिला विचारा."

मुनीमजी मालूताईंकडं वळले. मालूताईंनी हात पुढं केला. "आधी पेन दाखवा," त्या म्हणाल्या.